गॅरेजच्या चुकीने इंजिन गेले, आता पुढे काय? : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

प्रश्न : माझी सात वर्षांची, पंधराशे सीसीची डिझेल मोटार आजवर सुमारे 82,000 किलोमीटर चालली आहे. गेल्या महिन्यात कराडमधील एका खासगी गॅरेजमध्ये तिचे नेहमीचे सर्व्हिसिंग करून घेतले. त्यात इंजिन ऑइल आणि ऑइल फिल्टर बदलले गेले. 6,200 रुपये मी यूपीआयने दिले. बिल म्हणून मात्र साध्या कागदावर हिशेब लिहून मिळाला. दुसऱ्याच दिवशी कोल्हापूरला जाताना कासेगाव सोडल्यावर ऑइलचा लाल दिवा लागला. महामार्गावर थांबणे धोक्याचे वाटल्याने मी गाडी पाच-सहा किलोमीटर तशीच पुढे नेली. पेठ नाक्याच्या अलीकडे इंजिनातून ठकठक आवाज येऊ लागला आणि गाडी बंद पडली. गॅरेजमालकांनी ती ओढून परत नेली. पहिल्या दिवशी ते फोनवर म्हणाले, ‘पोरगा नवीन होता, बघतो मी.’ आता मात्र इंजिन मुळातच झिजलेले होते, ते कधीतरी जाणारच होते, असे सांगतात. दुरुस्तीचा अंदाज त्यांनी 1,40,000 रुपये दिला असून इंजिन खोलायला ते माझी परवानगी मागत आहेत. मी काय करावे?
— एक वाचक, कराड

उत्तर : आपण इंजिन खोलायला अद्याप परवानगी दिलेली नाही, ही आपली सर्वांत मोठी जमेची बाजू आहे आणि पुढचे काही दिवस तीच जपायची आहे. सर्व्हिसिंगमध्ये चूक झाली की नाही, याचा खरा पुरावा कोणत्याही कागदावर नाही. तो गाडीच्या पोटाखाली आणि इंजिनाच्या आत आहे. ज्याच्यावर ठपका येऊ शकतो त्यानेच इंजिन एकट्याने खोलले, की ढिला राहिलेला नट घट्ट होतो, फिल्टर बदलला जातो, चेंबरमध्ये, म्हणजे इंजिनाच्या तळाच्या ऑइलच्या भांड्यात, ऑइल भरले जाते, आणि शेवटी आपला शब्द आणि त्यांचा शब्द एवढेच उरते. हे दर वेळी लबाडीनेच होते असे नाही. खोललेले भाग डिझेलने धुऊन, पुसून मांडून ठेवणे ही फिटरची रोजची सवय असते, आणि त्या धुण्यातच पुष्कळ पुरावा वाहून जातो.

म्हणून आजच व्हॉट्सअॅप आणि ईमेल या दोन्ही मार्गांनी गॅरेजमालकांना लेखी कळवा की इंजिन खोलण्यास, सुरू करण्यास, त्यात ऑइल टाकण्यास किंवा कोणताही भाग काढण्यास आपली परवानगी नाही आणि तपासणी दोघांच्या उपस्थितीत होईल. त्याच संदेशात, अमुक तारखेला फोनवर आपण मला असे सांगितले होते, असा त्या ‘नवीन पोरा’च्या संभाषणाचा उल्लेख साध्या भाषेत करा. तोंडी बोललेले नंतर नाकारता येते. लेखी आठवण करून दिल्यावर समोरच्याने त्या वेळी मौन बाळगले तर पुढे ते नाकारणे त्याला जड जाते. हे संदेश मूळ फोनमध्येच राहू द्या. पुढे ग्राहक आयोगाकडे जावे लागले तर त्यांच्या छापील प्रती दाखल करताना भारतीय साक्ष्य अधिनियम, 2023 च्या कलम 63 प्रमाणे प्रमाणपत्र जोडलेले बरे, म्हणजे त्यावर हरकतीला जागा राहत नाही.

गाडी तेथून हलवता येईल का, हा प्रश्न आपण विचारलेला नाही, पण तो लवकरच उभा राहील. भारतीय करार अधिनियम, 1872 च्या कलम 170 नुसार ज्याने वस्तूवर श्रम किंवा कौशल्य खर्च केले आहे त्याला आपला मोबदला मिळेपर्यंत ती वस्तू अडवून ठेवण्याचा अधिकार आहे. सर्व्हिसिंगचे पैसे आपण चुकते केलेले आहेत; गाडी ओढून आणल्याचे भाडे मागितले तर वाद न घालता, ‘हरकत राखून देत आहे’ असे लिहून ते द्या आणि पावती घ्या. त्यानंतर, आपल्याकडून दुरुस्ती करून घेत नाही म्हणून गाडी सोडत नाही, असे म्हणण्याचा हक्क त्यांना उरत नाही. गाडी नेताना सपाट पाटाच्या टोइंग वाहनावर चढवूनच न्या; दोरी बांधून, गिअर टाकून, धक्का मारून काहीही करू नका.

हलवण्यापूर्वी मात्र तासभर वेळ काढा. मीटरवरील किलोमीटरचा आकडा दिसेल असा व्हिडिओ घ्या. डिपस्टिक काढून त्यावर ऑइल कोठपर्यंत आहे, की मुळीच नाही, ते टिपा. गाडी लिफ्टवर घेऊन चेंबरचा नट, त्याखालील वॉशर, फिल्टरची बैठक, खालचे प्लास्टिकचे आवरण आणि मागच्या बंपरपर्यंत उडालेले ऑइलचे थर यांची छायाचित्रे घ्या. आधुनिक गाडीच्या संगणकात बिघाडाचे कोड साठलेले असतात आणि अनेकदा त्या क्षणीची इंजिनाची गती, तापमान अशी नोंदही असते. स्कॅनर लावून ते वाचून घ्या, पण पुसू देऊ नका.

या नोंदींतून काय निष्पन्न होते तेही समजून घ्यावे, कारण आपला दावा त्यावरच उभा राहील किंवा पडेल. ऑइल बदलताना होणाऱ्या चुकांपैकी दोन फार नेहमीच्या आहेत. पहिली म्हणजे चेंबरचा नट हाताने लावून ठेवणे आणि पान्याने घट्ट करायचे विसरणे, किंवा चेपलेला जुना वॉशर पुन्हा वापरणे. चेंबरमधील ऑइलला दाब नसतो; त्यामुळे नट जागेवर असेपर्यंत गळती थेंबाथेंबाने होते आणि हादऱ्यांनी तो निघून पडला की चेंबर पाहता पाहता रिकामा होतो. दुसरी चूक अधिक घातक असते. जुना फिल्टर काढताना त्याचे रबरी सील इंजिनाला चिकटून राहते आणि फिटर त्यावरच नवा फिल्टर आवळतो. दोन सील एकावर एक बसतात, इंजिन थंड असताना काही कळत नाही, आणि महामार्गावर ऑइलचा दाब वाढला की वरचे सील बाजूला सरकते. फिल्टरच्या बाजूला पंपाचा पूर्ण दाब असल्याने चार-पाच लिटर ऑइल काही मिनिटांत रस्त्यावर जाते. फिल्टर काढल्यावर दोन सील सापडली तर त्यापुढे वादाला जागा राहत नाही. याच कारणाने तो फिल्टर गॅरेजला एकट्याने काढू देऊ नये.

याउलट, ऑइल पातळीला भरलेले आहे, गळतीची कोठलीही खूण नाही आणि तरीही दाब गेला, असे दिसले तर कारण वेगळे असू शकते : ऑइल पंप निकामी झाला असेल किंवा वर्षानुवर्षांच्या चिकट गाळाने चेंबरमधली जाळी तुंबली असेल. तसे निघाले तर ठपका कदाचित आधीच्या वर्षांतल्या हेळसांडीवर जाईल आणि कालच्या सर्व्हिसिंगला दोष देता येणार नाही. हे आधीच कळलेले चांगले, कारण चुकीच्या कारणावर उभारलेली तक्रार शेवटी आपल्यालाच महाग पडते.

‘इंजिन मुळातच झिजलेले होते’ या म्हणण्याचे उत्तरही इंजिन खोलल्यावरच मिळेल. क्रँकशाफ्ट, म्हणजे पिस्टनच्या जोराने फिरणारा इंजिनाचा मुख्य दांडा, आणि त्याला आधार देणारे बेअरिंग यांच्यामध्ये ऑइलचा अगदी पातळ थर असतो आणि चालत्या इंजिनात धातूला धातू लागत नाही. दाब गेला की हा थर तुटतो, बेअरिंगचा मऊ धातू वितळून फासला जातो, क्रँकच्या पिना तापून निळसर पडतात आणि तीच आपण ऐकलेली ठकठक असते. टर्बो असलेल्या गाडीत टर्बोचा दांडाही याच ऑइलवर मिनिटाला लाखाच्या वर फेरे घेत असल्याने त्याचाही बळी जातो. वयाने आलेली झीज अशी नसते. ती सर्व सिलिंडरमध्ये कमी-अधिक सारखी, हळूहळू आलेली असते आणि तिच्याआधी निळा धूर, ऑइलचा वाढता खप, कमी झालेली ताकद अशी लक्षणे अनेक महिने दिसतात. आपल्या जुन्या सर्व्हिसिंगच्या नोंदींत यातले काही नसेल तर त्या नोंदी आता कामास येतील.

हे सगळे सांगण्यास त्रयस्थ जाणकार हवा. मोटारींच्या नुकसानीची पाहणी करण्याचा परवाना असलेला विमा सर्वेक्षक, चार्टर्ड अभियंता किंवा शासकीय तंत्रनिकेतनातील ऑटोमोबाइल विभागाचे प्राध्यापक यांपैकी कोणाचीही मदत घेता येईल. शेजारच्या गॅरेजवाल्याचे लेखी मत अगदीच टाकाऊ नसते, पण त्याला धंद्यातील प्रतिस्पर्धी म्हणून बाजूला सारणे सोपे असते. तपासणीची तारीख, वेळ व जागा पहिल्या गॅरेजला किमान सात दिवस आधी पोच मिळणाऱ्या स्पीड पोस्टने कळवा. ते आले तर त्यांच्यासमोर इंजिन खोला, आले नाहीत तर तशी नोंद अहवालात करून खोला. अहवालात इंजिन व चेसिस क्रमांक, खोलण्यापूर्वीची स्थिती, सापडलेले दोष, त्यांचे संभाव्य कारण आणि दुरुस्तीचा खर्च असावा. नट, वॉशर, फिल्टर, बेअरिंग हे भाग पिशवीत बंद करून, त्यावर उपस्थितांच्या सह्या घेऊन जपून ठेवा. भंगारात देऊ नका.

जाणकाराचा अहवाल इतका आग्रहाने का सांगतो आहे, त्याचे कारण कायद्यात आहे. सेवेत त्रुटी होती हे सिद्ध करण्याची जबाबदारी प्रथम तक्रारदाराची असते, हे सर्वोच्च न्यायालयाने 2021 मध्ये पुन्हा स्पष्ट केले आहे. काही वाचक यावर 2019 च्या एका निकालाचा दाखला देतात. दिल्लीतील एका पंचतारांकित हॉटेलच्या ताब्यातून पाहुण्याची मोटार चोरीस गेली होती, आणि गाडी ताब्यात असताना काय झाले याचा खुलासा प्रथम हॉटेलनेच करावा, ‘मालकाच्या जोखमीवर’ असे पावतीवर छापून निष्काळजीपणातून सुटका होत नाही, असे न्यायालयाने म्हटले. तो निकाल मोलाचा आहे, परंतु आपले नुकसान गाडी परत मिळाल्यानंतर, आपल्या हातात असताना झालेले आहे. त्यामुळे त्याचा आधार आपल्याला मुख्य मुद्द्यावर मिळणार नाही. गॅरेजमध्ये उभ्या असलेल्या गाडीतील भाग आता गहाळ झाले किंवा बदलले गेले, तर मात्र तो नक्कीच मिळेल.

आता आपल्या बाजूच्या कच्च्या दुव्याकडे येतो. ऑइलच्या बुधलीचा लाल दिवा लागला की इंजिन त्याच क्षणी बंद करायचे असते. धोक्याचे दिवे लावून गाडी कडेच्या पट्टीवर घेणे एवढीच मुभा असते. ‘पुढच्या नाक्यावर बघू’ ही आपल्याकडची सवय इंजिनाला परवडत नाही. त्या पाच-सहा किलोमीटरचा मुद्दा गॅरेज नक्कीच काढेल आणि त्यापोटी भरपाई काही प्रमाणात कमी होण्याची शक्यता आहे. तरीही ही गोष्ट तक्रारीत लपवू नका. गाडीच्या संगणकातील नोंदीतून किंवा टोल नाक्याच्या वेळांवरून ती बाहेर आली तर आपल्या उरलेल्या सर्व म्हणण्यावरचा विश्वास जाईल. तपासणीत गळती दिसून आली, तर ऑइल गळालेच नसते तर दिवा लागला नसता, एवढे म्हणणे पुरेसे आणि खरे आहे.

विम्याकडून फारशी अपेक्षा ठेवू नये. वाहनाच्या सर्वसाधारण विम्यात यांत्रिक बिघाड आणि परिणामी नुकसान वगळलेले असते. इंजिन संरक्षणाचे जादा कलम घेतलेले असेल तर पॉलिसीतील शब्द नीट वाचा. पाणी शिरणे आणि ऑइलची गळती यांचा त्यात उल्लेख असतो, पण अटी कंपनीगणिक बदलतात. कंपनीला लेखी कळवून ठेवायला काही खर्च येत नाही.

अहवाल अनुकूल आला की गॅरेजमालकांना मागणीची नोटीस द्या. ती वकिलामार्फतच द्यावी लागते असे नाही आणि ग्राहक कायद्यात ती सक्तीचीही नाही, परंतु तडजोडीचे दार बहुधा तिच्यामुळेच उघडते. माझे स्वतःचे मत असे की छोट्या गॅरेजशी दीड लाखासाठी दोन-तीन वर्षे भांडण्यापेक्षा, सुट्या भागांचा खर्च वाटून घेऊन आणि मजुरी त्यांच्यावर टाकून मिटवणे पुष्कळदा शहाणपणाचे ठरते. मात्र तसे ठरले तर काम कोण करणार, भागांची पक्की बिले आपल्या नावावर असतील, किमान सहा महिन्यांची हमी राहील आणि रक्कम कोणत्या तारखेस मिळेल, हे सर्व सहीनिशी लिहून घ्या. ‘पूर्ण व अंतिम तडजोड’ असे शब्द असलेल्या कागदावर पैसे हातात पडेपर्यंत सही करू नका.

तडजोड झाली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 या क्रमांकावर तक्रार नोंदवता येते. तेथून गॅरेजशी संपर्क साधला जातो, पण आदेश देण्याचा अधिकार त्यांना नाही. आदेश हवा असेल तर सातारा येथील जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगाकडे ग्राहक संरक्षण अधिनियम, 2019 खाली तक्रार करावी. निष्काळजीपणामुळे ग्राहकाचे नुकसान करणारी कृती ही या कायद्याच्या व्याख्येत सेवेतील त्रुटीच आहे, आणि पक्के बिल न देणे ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. साध्या कागदावरचा हिशेब म्हणून आपल्या विरोधात न जाता उलट आपल्या बाजूने वापरता येतो. कोणत्या आयोगाकडे जायचे हे दिलेल्या मोबदल्यावर ठरते, नुकसानीच्या रकमेवर नाही. तो पाच लाखांच्या आत असल्याने शुल्कही लागत नाही. मुदत तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षे. वकील सक्तीचा नाही, तक्रार ई-जागृती या संकेतस्थळावरूनही दाखल होते, आणि आपण उद्या पुण्याला राहायला गेलात तर राहत्या ठिकाणच्या आयोगाकडेही दाद मागता येते. गॅरेजला उत्तरासाठी 30 दिवस आणि फार तर आणखी 15 दिवस मिळतात. तक्रार तीन महिन्यांत, तपासणी लागल्यास पाच महिन्यांत निकाली काढावी असे कायदा म्हणतो; प्रत्यक्षात त्याहून बराच काळ लागतो, हे धरूनच चालावे.

म्हणूनच निकालाची वाट पाहत गाडी झाकून ठेवू नका. अहवाल झाला, भाग जपले गेले, की दोन ठिकाणचे अंदाज घेऊन वाजवी दरात दुरुस्ती करून घ्या; नुकसान वाढू न देण्याची काळजी आपण घेतली की नाही, हेही भरपाई ठरवताना पाहिले जाते. 82,000 किलोमीटर चाललेल्या इंजिनाच्या जागी कोरे इंजिन बसवून त्याची पूर्ण किंमत मागितली तर त्यातून वापराची वजावट होऊ शकते. ब्लॉक, म्हणजे इंजिनाचा मुख्य सांगाडा, बदलावा लागला तर इंजिन क्रमांक बदलतो. त्याची नोंद परिवहन कार्यालयात नोंदणी प्रमाणपत्रावर करून घ्यायला विसरू नका, नाहीतर गाडी विकताना आणि विम्याच्या दाव्यात नवीच डोकेदुखी सुरू होते.

प्रश्न : मी गणपतीपुळे-रत्नागिरी परिसरात स्वतः टॅक्सी चालवतो, हे एकच वाहन माझ्या उपजीविकेचे साधन आहे. एका गॅरेजमध्ये टायमिंग बेल्ट बदलून घेतला आणि जेमतेम 900 किलोमीटरवर तो घसरून इंजिन बंद पडले. हंगाम असल्याने मी थांबू शकलो नाही. दुसऱ्या गॅरेजमध्ये हेड खोलून वाकलेले व्हॉल्व्ह बदलून घेतले. पहिले गॅरेज म्हणते की हमी फक्त बेल्टची होती, नवा बेल्ट देतो. शिवाय टॅक्सी हा धंदा असल्याने मी ग्राहक ठरत नाही, असेही मला कोणी सांगितले. हे खरे आहे का?
— एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : बेल्टच्या हमीचा मुद्दा आधी संपवू, कारण तो लंगडा आहे. क्रँकशाफ्टचे दोन फेरे होतात तेव्हा कॅमशाफ्टचा, म्हणजे व्हॉल्व्हची उघडझाप करणाऱ्या दांड्याचा, एक फेरा होतो आणि हा ताळमेळ टायमिंग बेल्ट राखतो. बेल्ट काही दात जरी सरकला, तरी अनेक इंजिनांत पिस्टन वर येतो तेव्हा व्हॉल्व्ह उघडेच असतात आणि दोघांची टक्कर होते. चुकीने बसवलेल्या बेल्टचा हा अगदी स्वाभाविक परिणाम आहे, आणि कराराचा भंग झाल्यास त्यातून ओघाने येणाऱ्या नुकसानीची भरपाई द्यावी लागते, असे करार अधिनियमाचे कलम 73 सांगते. दोरी तुटून विहिरीत मोटर पडली तर दोरी विणणाऱ्याने केवळ नवी दोरी पुढे करावी, तसला हा प्रकार झाला.

मात्र दोष बसवण्यात होता, हे दाखवावे लागेल. बेल्ट लावल्यावर क्रँक हाताने दोन पूर्ण फेरे फिरवून खुणा पुन्हा जुळतात का ते पाहणे, टेन्शनर, म्हणजे बेल्ट ताणून धरणारी पुली, ठरवलेल्या ताणावर आवळणे, आणि बेल्टबरोबर टेन्शनर व आयडलर (बेल्टला वाट देणारी पुली) हेही बदलणे ही या कामाची रीत आहे. पहिल्या गॅरेजच्या बिलावर फक्त बेल्ट दिसतो की पूर्ण संच, ते पाहा. जुनाच टेन्शनर ठेवला असेल आणि तसे आपल्याला सांगितले नसेल, तर आवश्यक माहिती दडवली असे म्हणता येईल. उलट, खर्च वाचवण्यासाठी आपणच तसे करायला सांगितले असेल तर मात्र बाजू दुबळी होते.

इंजिन खोलून झाले असल्याने पुरावा अर्धा हातातून गेला आहे, पूर्ण नव्हे. वाकलेले व्हॉल्व्ह, तो बेल्ट आणि टेन्शनर दुसऱ्या गॅरेजकडून आजच ताब्यात घ्या. पिस्टनच्या माथ्यावर व्हॉल्व्हच्या धडकेच्या चंद्रकोरीसारख्या खुणा उमटतात. हेड खोललेले असताना फिटरने मोबाइलवर छायाचित्र काढले असेल तर ते मागून घ्या, अनेकदा मालकाला दाखवण्यासाठी त्यांनी ते काढलेले असते. बेल्टचे दात तुटलेले आहेत की शाबूत आहेत, टेन्शनरचा बोल्ट ढिला सापडला होता का, खुणा किती दातांनी सरकल्या होत्या, हे दुसऱ्या गॅरेजच्या मुख्य मेकॅनिककडून प्रतिज्ञापत्रावर लिहून घ्या. तो आढेवेढे घेईल, कारण एका गावातला धंदा असतो. प्रतिज्ञापत्र नसेल तर निदान त्याच्या बिलावर ‘टायमिंग चुकल्याने व्हॉल्व्ह वाकले’ अशी नोंद करून घ्या.

ग्राहक असण्याच्या प्रश्नावर आपल्याला सांगितले गेले ते अर्धसत्य आहे. व्यापारी हेतूने घेतलेली सेवा कायद्याच्या बाहेर जाते, हे खरे. परंतु स्वयंरोजगारातून केवळ उपजीविकेसाठी केलेला वापर हा व्यापारी हेतू मानला जात नाही, असे स्पष्टीकरण कायद्यात आहे. अडचण एवढीच की 2019 च्या कायद्यातील हे स्पष्टीकरण विकत घेऊन वापरलेल्या मालाविषयी लिहिले आहे; 1986 च्या कायद्यात सेवांचाही उल्लेख होता. प्रतिपक्षाच्या वकिलाला ही शाब्दिक हरकत सापडू शकते. म्हणून तक्रारीच्या पहिल्याच परिच्छेदात वाहन एकच आहे, ते आपण स्वतः चालवता, पगारी चालक नाही आणि कुटुंबाचा चरितार्थ त्यावरच आहे, हे तपशिलाने लिहा आणि परवाना, बॅज, कर्जाचे हप्ते यांच्या प्रती जोडा. तरीही धोका नको असेल तर दिवाणी न्यायालयात कराराच्या भंगाचा दावा करता येतो. त्याला तीन वर्षांची मुदत आहे, पण न्यायालयीन शुल्क भरावे लागते.

बुडालेल्या भाड्याची मागणी अंदाजाने करू नका. मागील काही महिन्यांची ट्रिपची वही, हॉटेलांकडून आलेल्या आणि रद्द कराव्या लागलेल्या आरक्षणांचे संदेश, बँकेतील जमा यांवरून डिझेल वजा जाता रोजचे सरासरी उत्पन्न काढा आणि गाडी प्रत्यक्ष जितके दिवस बंद होती तितक्याच दिवसांचे मागा.

प्रश्न : माझ्या नव्या मोटारसायकलचे ऑइल मी घराजवळच्या गॅरेजमध्ये बदलून घेतले. त्याने चुकून मोटारीचे ऑइल टाकले. आता चढावर इंजिनाचा आवाज वाढतो पण वेग वाढत नाही. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमध्ये म्हणतात की बाहेर काम केल्याने वॉरंटी संपली. इंजिन गेले का?
— एक वाचक, म्हापसा

उत्तर : इंजिन गेलेले नाही, क्लच घसरतो आहे. बहुतेक मोटारसायकलींचा क्लच इंजिनाच्याच ऑइलमध्ये बुडालेला असतो, आणि मोटारीच्या अनेक ऑइलमध्ये घर्षण कमी करणारी द्रव्ये असतात, ती क्लचच्या प्लेटांना निसरडे करतात. गाडी आणखी न चालवता हे ऑइल काढून टाका, फिल्टर बदला आणि डब्यावर जासो एमए किंवा एमए2 असा दर्जा लिहिलेले, पुस्तिकेत सांगितलेल्या घट्टपणाचे ऑइल भरा. काहीशे किलोमीटरनंतर तेही एकदा बदलले की बहुतेक गाड्या ताळ्यावर येतात. त्यानंतरही घसरणे राहिले तर प्लेटा बदलाव्या लागतील, आणि तो खर्च घराजवळच्या गॅरेजने द्यावा, हे न्याय्य होईल. आधीच्या ऑइलचा रिकामा डबा अजून त्यांच्याकडे असेल तर त्याचे छायाचित्र काढून ठेवा.

वॉरंटीचे उत्तर असे सरसकट देता येत नाही. मोटारींच्या सुट्या भागांसंबंधीच्या प्रकरणात भारतीय स्पर्धा आयोगाने 25 ऑगस्ट 2014 रोजी 14 कंपन्यांविरुद्ध आदेश दिला. बाहेर दुरुस्ती केली एवढ्याच कारणाने संपूर्ण वॉरंटी रद्द करता येणार नाही, बाहेरच्या सदोष कामामुळे जे नुकसान झाले तेवढ्यापुरतीच ती नाकारता येईल, अशी भूमिका त्यात घेतली गेली. तो आदेश मोटार कंपन्यांपुरता होता, तरी त्यातील तत्त्व दाखवून सर्व्हिस सेंटरकडे लेखी नकार मागा. क्लचच्या प्लेटांसाठी त्यांनी हात वर केले तर ते समजण्यासारखे आहे. उद्या हॉर्न किंवा मीटर बिघडला आणि त्यासाठीही हेच कारण पुढे केले, तर तो लेखी नकार 1915 वर तक्रार करताना जोडा.